दंडावरची मुद्रा, हातावरची ‘आई’: टॅटूमुळे अडलेल्या एका भरतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओंकार (नाव बदललं आहे, गाव-तालुका मुद्दाम दिलेला नाही) बारावी होऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका भरतीपूर्व अकॅडमीत आला. तिथे मी ग्राउंडच्या जोडीला पोरांचे अर्ज, कागदपत्रं आणि मेडिकलची पूर्वतयारी बघतो. त्याचे वडील हंगामात कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवतात, थोरला भाऊ एमआयडीसीत कामाला. पोरगा ग्राउंडला पक्का. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचा आणि लगेच बीमवर दहा पुल-अप मारून खाली उतरायचा, तेही छाती न भरता. लेखीची भीती होती, ती अकॅडमीत निघाली.

अग्निवीर जनरल ड्युटी आणि एसएससी जीडी (कर्मचारी निवड आयोगाची केंद्रीय दलांसाठीची शिपाई भरती) असे दोन्ही अर्ज त्याने भरले होते. आमच्याकडची बहुतेक पोरं असंच करतात. एकीकडे सैन्यदल, दुसरीकडे सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल वगैरे. मैदान तेच, घाम तोच, म्हणून दोन्हीकडचे नियमही सारखेच असतील असं सगळे धरून चालतात. या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

२०२३ पासून सैन्याच्या अग्निवीर भरतीत आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईई) होते. तीत पास झालेल्यांनाच रॅलीला, म्हणजे मैदानी चाचणी आणि मेडिकलला, बोलावतात. ओंकार पहिल्याच प्रयत्नात सीईई पास झाला. रॅलीला साधारण साडेतीन महिने होते, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे पोरांचं ‘कच्चं मेडिकल’ घेतलं. चड्डीवर उभं करायचं, हात वर, तळवे पुढे, मागे फिर, गुडघे जुळव, पाय टेकव. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा घासणं, वाकडं बोट, कानातला मळ, किडलेले दात असल्या गोष्टी इथेच सापडतात आणि बऱ्याच सुधारताही येतात.

ओंकारच्या अंगावर दोन टॅटू निघाले. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, ‘आई’. जेमतेम दीड इंचाचं, यात्रेतल्या मशीनवाल्याने काढलेलं, कडा फिसकटलेल्या. दुसरा डाव्या दंडावर बाहेरून, खांद्याच्या जरा खाली: राजमुद्रा. साडेतीन इंच रुंद, अष्टकोनी, आत बारीक अक्षरं, शहरातल्या स्टुडिओत काढलेली, शाई एकदम दाट. टी-शर्टची बाही तिच्यावर बरोबर यायची, म्हणून इतके दिवस ती कुणाच्या नजरेत आली नव्हती.

“सर, आतच असते की ती. कोण बघतंय?” हे त्याचं पहिलं वाक्य.

अडचण नेमकी काय होती

पोरांमध्ये दोन समज घट्ट आहेत. एक, टॅटू असला की संपलं. दोन, देवाचा किंवा आईवडिलांच्या नावाचा असला की चालतो. दोन्ही अर्धवट खरे आहेत.

सैन्यदलाचा नियम मुख्यतः जागेचा आहे. कायमस्वरूपी टॅटू कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला चालतो आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. शरीरावर दुसरीकडे कुठेही असला तर उमेदवार तिथेच थांबतो. अपवाद आदिवासी समाजांचा: प्रथेप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण असेल तर प्रत्येक प्रकरण वेगळं बघून परवानगी मिळते. (एका मित्राने ओंकारला “तू पण परंपरा सांग” असा सल्ला दिला होता. स्टुडिओत काढलेली मुद्रा कुठल्या जमातीच्या प्रथेत बसवायची हे त्याने सांगितलं नाही.)

‘आतली बाजू’ हा शब्द पोरं सैल घेतात. तळवा आभाळाकडे करून हात समोर धरला की जे दिसतं ती आतली बाजू. करंगळीच्या रेषेतलं हाड ओलांडून रेघ पलीकडे गेली की बाहेरची बाजू सुरू झाली. हवाई दलातही साधारण याच जागा चालतात आणि तिथे टॅटूचे जवळून-लांबून काढलेले फोटो मागतात. हाताच्या बाहेरच्या बाजूला टॅटू असलेल्या एका उमेदवाराची नेमणूक हवाई दलाने रद्द केली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला होता. हात तोच, पण बाजू चुकली.

एसएससी जीडीचं गणित वेगळं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीच्या मे २०१५ च्या सूचनांमध्ये धार्मिक चिन्ह आणि नाव चालतं असं स्पष्ट आहे. पण हाताच्या आतल्या बाजूला टॅटू असेल तर तो फक्त डाव्या हातावर, कारण उजव्या हाताने सॅल्यूट करतात. शिवाय आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा.

आता हे ओंकारच्या अंगावर मांडून बघा. ‘आई’ सैन्याला चालते, एसएससी जीडीला चालत नाही, कारण हात उजवा. मुद्रा दोन्हीकडे चालत नाही, कारण जागा दंडाची. हीच ‘आई’ डाव्या हातावर असती तर दोन्हीकडे अडचण नव्हती. यात्रेत त्याने कुठला हात पुढे केला, एवढ्यावर ते ठरलं होतं.

म्हणजे मुद्रा काढणं भागच होतं, भरती कुठलीही असो. ‘आई’चा प्रश्न फक्त एसएससी जीडीपुरता होता. हे कागदावर लिहून आम्ही दोघांनी समोर ठेवलं, तेव्हा कुठे बोलण्याला दिशा आली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: तसंच जायचं आणि डॉक्टर बघतील तेव्हा बघू. काही पोरं असे निभावून गेल्याच्या गोष्टी मैदानावर फिरत असतात. त्यातली एकही मी कागदावर पाहिलेली नाही.

दुसरा: झाकायचं. भावाचं मत फाउंडेशन लावायचं, म्हणजे त्वचेच्या रंगाचा लेप. रॅलीचा घाम आणि मेडिकलच्या डॉक्टरचा अंगठा यापुढे तो किती टिकणार हा एक भाग. मोठा भाग असा, की टॅटूबद्दल उमेदवाराने स्वतः लिहून द्यायचं असतं. खोटं लिहून आत गेलेल्याला पुढे कधीही काढता येतं. हा पर्याय ओंकारनेच आधी बाजूला ठेवला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

तिसरा: गावठी उपाय. चुना, ॲसिड, ऑनलाइन मिळणारं टॅटू काढायचं क्रीम. आमच्याच मैदानावर एका पोराच्या मनगटावर असा जळका, गुठळी आलेला डाग आहे. टॅटू गेला, त्याच्या जागी मेडिकलला विचारायला नवीन कारण मिळालं.

चौथा: कापून शिवणं. लहान टॅटूला हा जलद मार्ग असतो. पण साडेतीन इंचांची मुद्रा एकदम कापून कडा जुळवता येत नाहीत. त्यातून दंडाचा वरचा भाग, खांदा आणि छाती या किलॉइड (फुगून वाढणारा व्रण) येण्याच्या मुख्य जागा. व्रण फुगला तर तो मूळ टॅटूपेक्षा जास्त नजरेत भरतो. सर्जननी नको म्हणून सांगितलं.

पाचवा: लेसर. काळ्या शाईला आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसरची १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी बरी पडते. प्रकाशाच्या झटक्याने शाईचे कण फुटतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. लेसर फक्त फोडतो, उचलायचं काम शरीराचं. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जावेच लागतात. पैसे जास्त दिले म्हणून शरीर जास्त वेगाने काम करत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी मुद्रेसाठी पाच-सहा सिटिंग सांगितल्या, शाई व्यावसायिक आणि दाट म्हणून. ‘आई’ हौशी हाताची, पातळ आणि वरवरची, ती दोन-तीनमध्ये जाईल असं म्हणाले. दोन्ही एकाच दिवशी करता येतील, लहानीचा खर्च फार वाढणार नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहावा पर्याय मी मांडला: या वर्षी सैन्याची रॅली सोडायची, पूर्ण काढून पुढच्या वर्षी यायचं. वय हातात होतं. ओंकारला तो पटला नाही, आणि विचार केल्यावर मलाही. एका रॅलीत टॅटूवरून थांबवलं म्हणून पुढच्या वर्षीचा अर्ज बंद होत नाही. मग प्रयत्न का सोडायचा?

निर्णय आणि कृती

पहिली गाठ घरात पडली. लेसरचं ऐकून वडील अकॅडमीत आले. खुर्चीवर बसले नाहीत. “सर, फौजेत जाऊन महाराजांचं नाव काढायचं म्हणून पोराला पाठवलंय. आणि त्याच्यासाठी महाराजांचीच मुद्रा खरवडायची? हे आमच्याच्यानं होणार नाही.”

मी नियम दाखवला, जाहिरातीतली ओळ वाचून दाखवली. त्यांचा मुद्दा नियमाचा नव्हताच. पाच आठवडे असेच गेले, आणि साडेतीन महिन्यांतले पाच आठवडे म्हणजे जवळजवळ एक सिटिंग.

शेवटी शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार कामी आले. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेले. त्यांनी ओंकारच्या वडिलांना चहाला बोलावलं आणि मुद्रेबद्दल एक शब्द न काढता बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचं सांगत बसले. निघताना म्हणाले, “आबा, आमच्या पलटणीची युद्धघोषणाच ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. पोरगं तिथं रोज ती तोंडानं देईल. दंडावरची जाऊ दे.” दुसऱ्या दिवशी ओंकारला पैसे मिळाले.

दुसरी गाठ ‘आई’ची. डॉक्टरांनी दोन्ही एकदम करू का विचारलं. ओंकार नाही म्हणाला. सैन्यात चालते ना, मग राहू दे. भावाने समजावलं, मी समजावलं, तो हलला नाही. माझा आग्रह एवढाच होता, की हे ‘राहू दे’ म्हणताना आपण एसएससी जीडीचं दार स्वतःच्या हाताने लावतोय हे त्याने नीट समजून घ्यावं. तो म्हणाला, समजलंय. पुढे काय झालं त्यावरून मला वाटतं, अर्धंच समजलं होतं.

पहिली सिटिंग झाली. लेसर पडताच मुद्रेच्या रेषांवर पांढरी झाक आली, काही मिनिटांत ओसरली, रात्रीपर्यंत फोड. आणि मग खरी पंचाईत: ऊन लावायचं नाही. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेसर मारला तर डाग पडायची भीती जास्त. भरतीच्या पोराला ऊन टाळ म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला चिखल टाळ म्हणण्यासारखं. सकाळचं ग्राउंड पाचला सुरू करून उजाडायच्या आत संपवायचं, संध्याकाळचं सूर्य कलल्यावर, अंगात पूर्ण बाहीचा सैल सुती शर्ट. बीम दहा दिवस बंद, कारण लटकलं की दंडाची कातडी ताणते आणि फोड फुटतो. त्या दहा दिवसांत तो बीम दहावरून सातवर आला आणि घाबरला. पंधरवड्यात परत दहावर आला.

दुसरी सिटिंग रॅलीच्या तोंडावर येत होती. ताजा फोड घेऊन मेडिकलला उभं राहणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. ती पुढे ढकलली. म्हणजे पहिल्या रॅलीला ओंकार गेला तो एकाच सिटिंगनंतरची, राखाडी पडलेली पण स्पष्ट ओळखू येणारी मुद्रा घेऊन.

काय झालं

टॅटूच्या स्वयंघोषणेत त्याने दोन्ही लिहिले: एक उजव्या हाताच्या आत, एक डाव्या दंडावर, लेसरने काढणं चालू. धाव पहिल्या गटात, बीम पूर्ण, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग सगळं झालं. मेडिकलच्या टेबलावर डॉक्टरांनी हातावरची ‘आई’ एकदा बघून सोडून दिली. दंडाशी थांबले. “बेटा, ये तो अभी साफ दिख रहा है. पूरा निकलवा के अगले साल आना.” कडक शब्द एकही नव्हता, आणि निर्णयात फरकही नव्हता.

काही महिन्यांनी एसएससी जीडीचं मेडिकल. लेखी, ग्राउंड दोन्ही पास. शेऱ्यात दोन कारणं: दंडावरची खूण आणि उजव्या हातावरचा टॅटू. पुनर्तपासणीतही तेच. इथे एका ओळखीच्याने कोर्टाचा रस्ता सुचवला, आणि तो हवेतला नव्हता. उजव्या हाताच्या मागे धार्मिक टॅटू असलेल्या एका उमेदवाराला २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो लेसरने काढून दोन आठवड्यांत नव्या वैद्यकीय मंडळापुढे यायची मुभा दिली होती. ओंकारचे वडील वकिलाचे पैसे उभे करायलाही तयार झाले.

आम्ही बसून हिशेब केला. कोर्टाने अगदी तसाच आदेश दिला तरी दोन आठवड्यांत काय निघणार? ‘आई’ कापून काढता आली असती कदाचित, पण मुद्रेला अजून तीन-चार सिटिंग हव्या होत्या, म्हणजे सहा महिने तरी. ज्याचा एकच लहान टॅटू शिल्लक आहे त्याला तो आदेश उपयोगी. ओंकारला तो मिळूनही पुन्हा अनफिटच पडला असता. कोर्टात गेलो नाही.

वर्षभर सिटिंग चालू राहिल्या, एकूण पाच झाल्या. दरम्यान पुन्हा सीईई, पुन्हा पास. दुसऱ्या रॅलीला दंडावर शाई नव्हती. होता तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित फिकट असा अष्टकोन, तिरप्या उजेडात दिसेल इतकाच. घोषणेत तोही लिहिला. डॉक्टरांनी टॉर्च धरला, बोटाने दाबून गाठ आहे का पाहिलं, हात वर-खाली करायला लावला. कातडी सपाट होती. पुढे जा म्हणाले. मेरिट लागलं, ओंकार अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

वडिलांशी बोलायला मी नियम घेऊन गेलो, तिथे सुभेदारांना आधी न्यायला हवं होतं. ते पाच आठवडे वाचले असते तर पहिल्या रॅलीआधी दोन सिटिंग बसल्या असत्या. पण त्यानेही मुद्रा दिसेनाशी झाली नसती, तेव्हा त्या रॅलीचा निकाल बदलला असता असं मी म्हणणार नाही. फरक पडला असता तो एसएससी जीडीच्या मेडिकलपर्यंत.

आणि तिथेच मोठा मुद्दा आहे. ‘आई’ त्याच टेबलावर, त्याच दिवशी, थोड्या जादा पैशात निघत होती. मुद्रा पाच आठवडे आधी सुरू झाली असती आणि ‘आई’ तिच्यासोबत गेली असती, तर केंद्रीय दलाच्या मेडिकलला ओंकार फार तर एका पुसट डागानिशी उभा असता. त्या अवस्थेत पुनर्तपासणीलाही अर्थ होता, कोर्टालाही. सैन्य पहिलं ही त्याची निवड बरोबर होती. दुसरं दार उघडं ठेवायला फार लागत नव्हतं, तेवढं मात्र झालं नाही. भावनेचा निर्णय होता आणि हात त्याचा होता, हे मान्य करूनही मी पुढच्या पोराला दोन्ही एकदम काढ असंच सांगतो.

पहिल्या रॅलीला जाणं मात्र मी आजही बरोबर मानतो. मेडिकलचं टेबल कसं असतं, काय विचारतात, कुठे थांबतात हे त्याने पाहिलं. दुसऱ्या वेळी टॉर्च दंडावर आला तेव्हा तो शांत उभा राहिला, त्यात या अनुभवाचा वाटा आहे.

अकॅडमीच्या बाजूने एक बदल झाला. कच्चं मेडिकल आता सीईईनंतर नसतं, प्रवेशाच्या आठवड्यात असतं. अर्जावर माणसाची पुढची-मागची बाह्याकृती छापली आहे, पोराने स्वतः त्यावर खुणा करायच्या: टॅटू, व्रण, भाजल्याचे डाग, आणि हात उजवा की डावा. लेसरला वर्ष लागतं, तर ते वर्ष सुरुवातीलाच हातात असायला हवं. मुलींच्या तुकडीत या आकृतीचा वेगळाच उपयोग झाला. लहानपणी आजीने काढवून घेतलेलं गोंदण बऱ्याच जणींना टॅटू वाटतच नाही, म्हणून त्या ‘नाही’ लिहून मोकळ्या होतात.

ओंकारचं प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही. अग्निवीराची मुदत चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना सैन्यात कायम होता येतं. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा केंद्राने जून २०२२ मध्ये केली. त्या वेळच्या जाहिरातीत टॅटूचं कलम आजच्यासारखंच राहिलं, तर उजव्या हातावरची ‘आई’ पुन्हा टेबलावर येईल. मागच्या सुट्टीत त्याने मला विचारलं, ट्रेनिंगनंतरच्या दोन सुट्ट्यांत दोन सिटिंग बसतील का. मी त्याला युनिटच्या डॉक्टरला आधी विचार, मग त्वचेच्या डॉक्टरची वेळ घे, असं सांगितलं आहे.